तीन मतं कमी पडली

१ मार्च २००३ला अंकाराच्या संसदेत बंद दाराआड एक मतदान झालं. अमेरिकेच्या ६२ हजार सैनिकांना तुर्कस्तानात उतरू द्यायचं आणि तिथून त्यांनी उत्तर इराकमध्ये शिरायचं, असा तो प्रस्ताव होता. अमेरिकेच्या चौथ्या इन्फन्ट्री डिव्हिजनचं सामान भरलेली जहाजं भूमध्य समुद्रात येऊन थांबली होती. इस्केंदेरुन बंदरावर तयारीची वाहनं उतरायलाही लागली होती. बदल्यात तुर्कस्तानला सहा अब्ज डॉलरचं अनुदान आणि त्याच्या जोडीला कित्येक अब्जांची कर्जं मिळणार होती. दोनच वर्षांपूर्वी लिरा हे चलन कोसळून ज्या देशाचं कंबरडं मोडलं होतं, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नव्हती.

प्रस्तावाच्या बाजूने २६४ मतं पडली, विरोधात २५०, तटस्थ राहिले १९. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, झाला मंजूर. मग विरोधी बाकांवरच्या मंडळींनी राज्यघटना पुढे केली. हजर सदस्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी होकार द्यायला हवा. हजर होते ५३३, म्हणजे हवी होती २६७ मतं. तीन कमी पडली.

तुर्कस्तान हा काही अमेरिकेचा ऐरागैरा ओळखीचा देश नाही. १९५२पासून तो नाटोत आहे, कोरियाच्या युद्धात त्याचे सैनिक अमेरिकनांच्या खांद्याला खांदा लावून लढले आहेत. तिथल्या सरकारलाही हा प्रस्ताव मंजूर व्हायला हवा होता. सत्ताधारी पक्षाकडे भरभक्कम बहुमत होतं. तरी त्याच पक्षाचे कितीतरी खासदार फिरले, कारण मतदारसंघात दहातले नऊ लोक या युद्धाच्या विरोधात होते. तुर्की राज्यघटनेच्या ९२व्या कलमानुसार परकी फौज देशात घ्यायची तर संसदेला विचारावंच लागतं. विचारलं, आणि संसद नाही म्हणाली. ती जहाजं पुढे सुएझमधून वळसा घालून कुवेतला गेली आणि युद्ध त्यांच्यावाचून सुरू झालं.

एखादं बलाढ्य राष्ट्र ‘कुणी येवो न येवो, आम्ही जाणार’ असं म्हणू लागलं की मला ही तीन मतं आठवतात. असं जावं का, या प्रश्नावर माझं मत सरळ आहे. जाऊ नये. मित्रांच्या तोफा कमी पडतील म्हणून नव्हे. २००३ साली अमेरिकेला कुणाच्या तोफांची गरज नव्हती, तीन आठवड्यांत बगदाद पडलं. माझं म्हणणं वेगळं आहे. बलाढ्य राष्ट्राला थांबवून ‘कारण दाखव’ असं म्हणू शकणारा जगात एकच उरतो, तो म्हणजे त्याचा मित्र. शत्रूचा आक्षेप कुणी मनावर घेत नाही. घरच्या लोकांना झेंडा दाखवला की त्यातले बरेच गप्प होतात. मित्राला मात्र पटवावं लागतं, आणि पटवता पटवता आपल्या कारणात किती दम आहे ते आपल्यालाही कळतं.

आमच्याकडे पतसंस्थेचं कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात. गावातल्या एखाद्या मोठ्या असामीला आपल्याच भावकीत दोन जामीनदार मिळेनात, तर त्याच्याकडे जमीन किती आणि ट्रॅक्टर किती याची चौकशी कुणी करत बसत नाही. जवळच्यांना काहीतरी ठाऊक आहे, एवढं सगळ्यांना समजतं.

२००२-०३च्या हिवाळ्यात अमेरिकेचं नेमकं हेच झालं, आणि ते सगळं उघड्यावर झालं. नोव्हेंबर २००२मध्ये सुरक्षा परिषदेने १४४१ क्रमांकाचा ठराव केला: सद्दामने शस्त्रतपासनिसांना पूर्ण मोकळीक द्यावी, ही शेवटची संधी. पंधराच्या पंधरा मतं बाजूने पडली, सीरियाचंसुद्धा. म्हणजे जग अमेरिकेचं ऐकत नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. अमेरिकेने रीतसर मागितलं तेव्हा सगळे बरोबर होते. तपासनिसांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांची माणसं इराकमध्ये गेली, कारखाने, गोदामं, राजवाडे धुंडाळू लागली. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी परिषदेत बसून नकाशे, उपग्रहांची छायाचित्रं, टेपवरची संभाषणं मांडली, हातात छोटीशी कुपी धरून अँथ्रॅक्सबद्दल सांगितलं. त्या भाषणाला पुढे त्यांनीच आपल्या कारकिर्दीवरचा डाग म्हटलं. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी त्याच परिषदेला सांगितलं, की इराकने नायजरकडून युरेनियम घ्यायचा प्रयत्न केला असं दाखवणारी कागदपत्रं खरी नाहीत. त्याच दिवशी ब्लिक्स म्हणाले, उरलेल्या तपासाला वर्षं लागणार नाहीत, आठवडेही पुरणार नाहीत, महिने लागतील.

महिने. फौजा कुवेतच्या वाळवंटात येऊन बसल्या होत्या आणि पुढे उन्हाळा होता, म्हणून तेवढे महिने द्यायची तयारी नव्हती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त चीड येते ती इथे. लाखो माणसांच्या आयुष्याचा फैसला फौजेच्या वेळापत्रकावर झाला.

युद्धाची वाट मोकळी करणारा दुसरा ठराव मंजूर करून घ्यायला नऊ मतं हवी होती आणि कुणाचा नकाराधिकार आडवा यायला नको होता. फ्रान्स, रशिया विरोधात होते, जर्मनीही. पण त्या आठवड्यांत खरं वजन पडलं ते सहा लहान-मोठ्या देशांवर: अंगोला, कॅमेरून, गिनी, चिली, मेक्सिको आणि पाकिस्तान. यातल्या मेक्सिकोची तर बहुतेक सगळी निर्यात अमेरिकेत जाते. चिलीचा अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार सहीच्या उंबरठ्यावर होता. वॉशिंग्टनमधून फोन, दूतांच्या फेऱ्या, सगळं चालू होतं. तरी चिलीचे रिकार्डो लागोस आणि मेक्सिकोचे व्हिसेंते फॉक्स बधले नाहीत. फ्रान्सच्या नकारात जुना मान-अपमान होता असं म्हणता येईल. चिलीच्या नकाराला असलं कारण नाही. ज्याला नाही म्हणण्याची किंमत मोजावी लागणार आहे आणि तरी जो नाही म्हणतो, त्याच्या नकाराची दखल घ्यायलाच हवी होती. नऊ मतं जुळत नाहीत हे दिसल्यावर ठराव मताला टाकलाच नाही. १६ मार्चला अझोर्स बेटांवर बुश, ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर आणि स्पेनचे अझनार भेटले, पोर्तुगालचे बारोसो यजमान होते. दुसऱ्या दिवशी सद्दामला ४८ तासांची मुदत दिली गेली. कॅनडाचे पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांनी त्याच दिवशी आपल्या संसदेत सांगितलं, की सुरक्षा परिषदेच्या ठरावाशिवाय कॅनडा यात उतरणार नाही. कॅनडा! अमेरिकेला याहून जवळचा शेजारी नाही.

त्याच १७ मार्चच्या रात्री लंडनमध्ये रॉबिन कुक यांनी मंत्रिपद सोडलं. ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहातलं त्यांचं भाषण मी पुन्हा पुन्हा वाचते. मोठमोठे शब्द नाहीत, हातवारे नाहीत. ते म्हणतात, ज्या आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये आपण आघाडीवर आहोत त्यातल्या एकीचीही या युद्धाला संमती नाही. नाटोची नाही, युरोपीय संघाची नाही, आणि आता सुरक्षा परिषदेचीही नाही. पुढे ते असंही म्हणाले, की त्या शब्दाचा जो अर्थ सगळ्यांना समजतो त्या अर्थाची महासंहारक शस्त्रं इराककडे बहुधा नसावीत. माजी परराष्ट्रमंत्र्याने, युद्धाच्या तीन दिवस आधी, भर सभागृहात हे सांगितलं. भाषण संपल्यावर सदस्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या सभागृहात तशी रीत नसताना. दुसऱ्या दिवशी ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मंजुरी मिळाली.

ब्लेअर यांनी त्याआधीच, जुलै २००२मध्ये, बुश यांना एक टिपण पाठवलं होतं. त्याची सुरुवातच अशी आहे: काहीही होवो, मी तुमच्याबरोबर असेन. पुढे अटी-शंका आहेत, पण पहिल्याच ओळीत सगळं देऊन टाकल्यावर त्या अटींना कोण विचारतो? सर जॉन चिल्कॉट यांच्या समितीने २०१६ साली बारा खंडांचा अहवाल दिला तेव्हा हे टिपण लोकांसमोर आलं, आणि युद्ध हा शेवटचा उपाय नव्हता, शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, हा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. बऱ्या-वाइटाला साथ देणं ही मैत्री, असं आपण लहानपणापासून ऐकतो. राष्ट्रांच्या बाबतीत मला हे मान्य नाही. ब्लेअर यांनी नाही म्हटलं असतं तर कदाचित युद्ध थांबलं नसतंही. पण वॉशिंग्टनमधल्या ज्या लोकांना शंका होत्या, आणि तसे लोक तिथे होते, त्यांना हात मिळाला असता. थोरल्या बुश यांचे सुरक्षा सल्लागार ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी ऑगस्ट २००२मध्येच वर्तमानपत्रात लेख लिहून हल्ल्याला विरोध केला होता. लष्करप्रमुख एरिक शिनसेकी यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं होतं, की इराक ताब्यात ठेवायला काही लाख सैनिक लागतील. संरक्षण खात्याच्या वरिष्ठांनी त्यांचा आकडा चारचौघांत उडवून लावला.

मग मित्रांच्या जागी यादी आली. युद्धाला पाठिंबा देणाऱ्या देशांची संख्या जवळजवळ पन्नासवर गेली. त्यात पलाऊ होतं, मार्शल बेटं होती, मायक्रोनेशिया होतं, आइसलंड होतं, कोस्टा रिका होतं. यांतल्या एकाकडेही स्वतःचं लष्कर नाही. कोस्टा रिकाच्या घटनात्मक न्यायालयाने पुढच्या वर्षी हा पाठिंबा घटनेविरुद्ध ठरवला आणि त्या देशाने यादीतून नाव काढायला सांगितलं. प्रत्यक्ष चढाईत सैन्य होतं ते अमेरिकेचं, ब्रिटनचं, ऑस्ट्रेलियाचं आणि थोडंसं पोलंडचं. नंतर ताबा ठेवण्यासाठी आणखी देश आले, पण ज्यांच्या जनतेने होकार दिला नव्हता ती सरकारं पहिल्या धक्क्याला हलली. स्पेनमध्ये ११ मार्च २००४ला माद्रिदच्या गाड्यांमध्ये बॉम्ब फुटले, तीन दिवसांनी झालेल्या निवडणुकीत सरकार हरलं आणि नव्या पंतप्रधानांनी तेराशेच्या आसपास सैनिक परत बोलावले. होंडुरास आणि डोमिनिकन रिपब्लिक त्यांच्या मागोमाग निघाले.

याच्या शेजारी १९९१चं युद्ध ठेवून बघावं असं मला नेहमी वाटतं, कारण त्या युद्धाची झळ आमच्या घरापर्यंत आली होती.

माझा मामा कुवेतला शुवैखमधल्या एका गॅरेजमध्ये कामाला होता. २ ऑगस्ट १९९०ला इराकी रणगाडे शहरात आले. पुढे बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सरहद्द, तंबूत काढलेल्या रात्री, आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान. दीड लाखाहून अधिक भारतीय तेव्हा असे परत आले. मामा सहारला उतरला तेव्हा त्याच्या पाकिटात कुवेती दिनार होते आणि ते अम्मानमध्ये कुणी बदलून दिले नव्हते. आजीने त्या नोटा देवघरातल्या डब्यात ठेवून दिल्या. वर्षानुवर्षं अंगावर ग्रीस घेऊन मिळवलेला पैसा, आणि देशच नाहीसा झाल्यावर त्याचा कागद झालेला. त्या नोटा मी हातात घेऊन पाहिल्या आहेत. त्यामुळे युद्ध कधीच करू नये असं म्हणणं मला जमत नाही. कुवेत सोडवायलाच हवं होतं.

आणि ते कसं सोडवलं? थोरल्या बुश यांचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर महिनोन्‌महिने देशोदेशी फिरले. २९ नोव्हेंबर १९९०ला सुरक्षा परिषदेत ६७८ क्रमांकाचा ठराव १२ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. क्युबा आणि येमेन विरोधात, चीन तटस्थ. येमेनला त्या एका मतापायी अमेरिकेची मदत गमवावी लागली, तेव्हा त्या वेळीही सगळं सोवळ्यात चाललं होतं असं मी म्हणणार नाही. पण तिशीच्या वर देश बरोबर आले, त्यात इजिप्त आणि सीरियासारखे अरब देश होते. युद्धाला सुमारे ६१ अब्ज डॉलर खर्च आला आणि त्यातले ५० अब्जांहून अधिक सौदी, कुवेत, जपान, जर्मनी अशा देशांनी भरले. दुसऱ्या इराक युद्धावर अमेरिकेने आपल्या तिजोरीतून ८०० अब्जांच्या वर घातले.

कुवेत मोकळं झालं आणि फौजा थांबल्या. बगदादला का गेले नाहीत, यावर तेव्हा आमच्या ओसरीवरही वाद झाले. मामा म्हणाला, “गेले असते तर मिसरी आणि सिरियावाले पहिले माघारी फिरले असते.” वर्तमानपत्रातल्या तज्ज्ञांनी सांगितलं त्याहून निराळं हे काही नव्हतं, पण तो त्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या लोकांबरोबर एका खोलीत राहिलेला होता. बुश आणि स्कोक्रॉफ्ट यांनीही पुढे हेच कारण लिहिलं: बगदादकडे निघालो असतो तर आघाडी तिथेच मोडली असती. मित्र बरोबर असले की हेतूला कुंपण पडतं. कशासाठी आलो आणि कुठे थांबायचं, हे एकट्याच्या मर्जीवर राहत नाही.

या थांबण्याचीही किंमत कुणीतरी मोजली. मार्च १९९१मध्ये दक्षिणेतले शिया आणि उत्तरेतले कुर्द सद्दामविरुद्ध उठले. अमेरिकेच्या अध्यक्षांनीच इराकी जनतेला उठावाचं आवाहन केलं होतं. फौजा जवळ असूनही कुणी मदतीला गेलं नाही आणि हजारोंची कत्तल झाली. आघाडीच्या शहाणपणाचं कौतुक करताना दक्षिणेतल्या बसऱ्याचे ते लोक मला विसरता येत नाहीत. सद्दाम हा राक्षस होता, हलब्जा या कुर्दांच्या गावावर विषारी वायू टाकणारा. तो गेला याचं दुःख करायचं काही कारण नाही. पण २००३नंतर जे झालं ते त्याच लोकांच्या वाट्याला आलं. मे महिन्यात इराकचा कारभार बघणारे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आठवड्याभराच्या अंतराने दोन हुकूम काढले: सद्दामच्या बाथ पक्षातल्या वरच्या श्रेणीच्या लोकांना नोकऱ्यांवरून काढा, आणि इराकी सैन्य बरखास्त करा. लाखो शस्त्र चालवता येणारे पुरुष एका दिवसात बेकार झाले. शेजारच्या अरब देशांचा, तुर्कांचा, अगदी फ्रेंचांचा एखादा माणूस त्या टेबलाशी हक्काने बसला असता, तर हे हुकूम असे निघाले असते का? त्या देशांना तिथली घराणी, जमाती, मशिदी ठाऊक होत्या. शस्त्रं सापडली नाहीत. अमेरिकेचे साडेचार हजारांच्या जवळपास सैनिक गेले, आणि मोजल्या गेलेल्या इराकी नागरिकांच्या मृत्यूंनी एक लाखाचा आकडा ओलांडला.

आता आमच्या जिल्ह्याकडे येते, कारण २००३च्या उन्हाळ्यात हा प्रश्न साताऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला होता.

८ एप्रिलला लोकसभेने एकमताने ठराव करून युद्धाची निंदा केली होती आणि फौजा मागे घ्या असं म्हटलं होतं. अध्यक्षपदी मनोहर जोशी होते. पण मे-जूनमध्ये अमेरिकेने दिल्लीकडे मागणी केली, की भारताने एक पूर्ण डिव्हिजन, सुमारे १७ हजार सैनिक, उत्तर इराकमध्ये पाठवावेत. त्यासाठी पेंटॅगॉनचं, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचं पथक दिल्लीला आलं. पाठवावं असं म्हणणारे दिल्लीत होते आणि वजनदार होते: महासत्तेशी मैत्री वाढेल, कंत्राटं मिळतील, जगाच्या पंगतीत पान मिळेल.

आमच्या भागात ही चर्चा वर्तमानपत्रात राहत नाही. घराआड एक फौजी आहे. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा तेव्हा सुट्टीवर आला होता. काकू धुणं वाळत घालता घालता मला म्हणाल्या, “तिकडं नेणार म्हंत्यात ह्यांना. तिकडं आपलं काय हाय गं?” मुलगा पायरीवर बसून बूट घासत होता. तो म्हणाला, “यूएनची निळी टोपी असली तर कुठंबी जाऊ. ह्यात कुणाची टोपी घालायची?” हुकूम आला असता तर तो गेलाच असता, त्याबद्दल त्याला किंवा काकूंना शंका नव्हती. म्हणूनच हुकूम देणाऱ्याने दहादा विचार करायचा असतो.

आपली माणसं त्या मातीत एकदा जाऊन आलेली आहेत. १९१४ साली इंग्रजांनी मेसोपोटेमियात जी फौज उतरवली तिचं नावच पूना डिव्हिजन होतं. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. जनरल टाउनशेंड त्यांना घेऊन बगदाद जिंकायला निघाले. रसद मागे राहिली, टेसिफोनपाशी अडकले आणि कूत अल अमाराला परत फिरून वेढ्यात सापडले. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. शेवटी शेवटी घोडे कापून शिधा वाटायची वेळ आली आणि कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. २९ एप्रिलला शरणागती झाली आणि उरलेले हजारो कैदी वाळवंटातून अनातोलियाकडे चालवत नेले. बगदादची घाई लंडनला आणि सिमल्याला होती. वाईच्या किंवा खेडच्या शिपायाला कुणी विचारलं नव्हतं. साताऱ्याजवळच्या आपशिंगे (मिलिटरी) गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण अजून जपली जाते. अशी आठवण सांगणाऱ्या शिळा आमच्याकडे बऱ्याच गावांत आहेत, चावडीच्या भिंतीत नाहीतर शाळेच्या आवारात. पोरं त्यांना टेकून उभी राहतात.

१४ जुलै २००३ला केंद्र सरकारच्या सुरक्षाविषयक समितीने निर्णय घेतला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, त्याशिवाय सैन्य पाठवणार नाही. वाजपेयी सरकारच्या अनेक गोष्टी मला पटल्या नाहीत, पण या निर्णयाबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. काकूंचा मुलगा सुट्टी संपवून सीमेवर गेला, नियमाप्रमाणे.

इथपर्यंत सगळं माझ्या बाजूचं आहे. पण माझ्या मताला छेद देणारी एक गोष्ट आपल्याच घरात आहे, आणि तिला टाळून पुढे जाणं बरोबर नाही. बांगलादेशच्या युद्धात, ७ डिसेंबर १९७१ला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. त्या अकरांत आपण होतो, सोव्हिएत गटातले देश होते आणि भूतान होतं. जग जवळजवळ एका बाजूला होतं. तरी आपली फौज ढाक्याकडे जात राहिली, आणि ती गेली हे योग्यच झालं असं मी मनापासून मानते. मग मित्रांशिवाय जाऊ नये, या माझ्या म्हणण्याचं काय?

यावर मी बराच विचार केला आहे. पहिलं म्हणजे इंदिरा गांधी विचारायला गेल्या होत्या. एक कोटीच्या आसपास निर्वासित बंगाल, आसाम, त्रिपुरात येऊन पडले असताना सरकार आठ महिने थांबलं. आधी जयप्रकाश नारायण देशोदेशी फिरून आले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिराबाई स्वतः ब्रसेल्स, व्हिएन्ना, लंडन, वॉशिंग्टन, पॅरिस, बॉन अशा फिरल्या. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला होता, त्यामुळे सुरक्षा परिषदेत पाठीशी कुणीच नव्हतं असंही नाही. पुरावा दाखवायला उपग्रहाची छायाचित्रं लागत नव्हती. कुणीही कोलकात्याला उतरून सॉल्ट लेकच्या छावणीत जाऊन बघावं, आणि परदेशी वार्ताहर, अमेरिकन सिनेटर बघून गेलेही. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्यांच्या भूमीवर जायचं होतं ते लोक आपल्या बाजूने आधीच लढत होते. निवडणूक जिंकलेला त्यांचा पक्ष होता, मुक्तिवाहिनी होती, नावाड्यांनी आपल्या जवानांना मेघना पार करून दिली. तेरा दिवसांत शरणागती झाली, आणि मार्च १९७२मध्ये भारतीय फौज ढाक्याहून परत आली. जिंकलेला देश तीन महिन्यांत सोडून येणं इतिहासात किती जणांना जमलंय? व्हिएतनामने १९७९च्या जानेवारीत कंबोडियातली पोल पॉटची राजवट उलथवली, तेही जगाच्या विरोधात आणि लाखो जीव वाचवत. पण ते दहा वर्षं कंबोडियात बसले.

तेव्हा हातांची संख्या मोजून निकाल लागत नाही, हे मला मान्य करावं लागतं. जगातल्या सरकारांचा नकार कधी कधी भेकड असतो, स्वार्थी असतो; १९७१मध्ये वॉशिंग्टनचा तसा होता. पण त्या नकाराला ओलांडून जायचं तर जिथे जातोय तिथल्या माणसांचा होकार हातात हवा, आणि परतीची तारीख मनात हवी. बगदादमध्ये सद्दामचा पुतळा पडला तेव्हा लोकांना आनंद झाला, तो खोटा नव्हता. आपल्या शहरावर परकी फौजेने राज्य करावं असं मात्र त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. या दोन गोष्टींतला फरक वॉशिंग्टनला दिसला नाही, आणि तो दाखवून द्यायला बरोबर कुणी नव्हतं.

आणि आपल्याला तरी तो नेहमी दिसतो का? १९८७च्या जुलैमध्ये कोलंबोत करार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरू लागली. तिथल्या सरकारची सही होती. जाफन्यातल्या तमिळांनी सुरुवातीला हारही घातले. ऑक्टोबरपर्यंत त्याच गल्ल्यांत आपले जवान मरत होते. तमिळ वाघांना ती फौज नको होती, सिंहली जनतेला तर मुळीच नको होती. नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीरपणे ‘जा’ म्हणून सांगितलं, आणि मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी निघाली तोवर अकराशेहून अधिक जवान गेले होते. मराठी घरांतलेही.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत भारत आजच्यापेक्षा ताकदवान होईल, शेजाऱ्यांच्या तुलनेत तर तो आजही अवाढव्य आहे. तेव्हा बलाढ्य राष्ट्राने काय करावं, हा प्रश्न आपण अमेरिकेला विचारत बसण्यात फार दिवस जाणार नाहीत. तो दिल्लीला विचारावा लागेल. आपल्या राज्यघटनेत युद्धाआधी संसदेची मंजुरी घ्यावीच अशी तरतूद नाही. १९८७मध्ये सैन्य गेलं तेव्हा संसदेत आधी मतदान झालं नव्हतं. २००३चा निर्णयही मंत्रिमंडळाच्या समितीत झाला. तो चांगला निघाला हे आपलं भाग्य. कुणी हल्ला केला तर सरकारने त्याच क्षणी उत्तर द्यावं, त्यासाठी कुणाची परवानगी मागत बसू नये. पण दुसऱ्याच्या भूमीवर फौज पाठवून तिथे ठेवायची असेल, तर सरकारने दोन्ही सभागृहांसमोर येऊन कारण मांडावं, गरज असेल तर बंद दाराआड, आणि मत घ्यावं, असा कायदा मला हवा आहे. त्या निवेदनात कोणकोणत्या देशांना विचारलं आणि ते काय म्हणाले हे लिहिलेलं असावं. मॉस्को-वॉशिंग्टनचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल. काठमांडू, ढाका आणि कोलंबो काय म्हणालं ते मला आधी वाचायचंय.